ऑप्टिकल फायबरचा ‘जनक’ कोण? काचेतल्या अशुद्धीचा इतिहास

दरवर्षी ऑक्टोबरात नोबेल पारितोषिकांच्या घोषणा सुरू झाल्या की एक पोस्ट पुन्हा फिरू लागते. पगडी बांधलेल्या एका शीख शास्त्रज्ञाचे छायाचित्र आणि खाली मजकूर : ऑप्टिकल फायबरचा शोध लावणारा भारतीय, ज्याचे नोबेल दुसऱ्यालाच देऊन टाकले. छायाचित्र नरिंदर सिंग कपानी यांचे असते. ‘दुसरा’ म्हणजे चार्ल्स काओ, २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

अशा पोस्टकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसे पाहावे? ‘खोटे आहे’ म्हणून ती उडवून लावणे सोपे आहे; पण ती सर्वस्वी खोटी नाही. कपानींचे काम खरे होते, मोलाचे होते. अडचण ‘शोध’ या एकवचनी शब्दात आहे. ऑप्टिकल फायबर म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र येऊन झालेली वस्तू. पहिला प्रश्न : प्रकाशाला वळणावळणाने नेता येईल का? दुसरा प्रश्न : त्याला दूरवर नेता येईल का? पहिल्याचे उत्तर १८४० च्या दशकातच मिळालेले होते. दुसऱ्याचे मिळायला १९७० साल उजाडले. मधल्या सव्वाशे वर्षांत कोणी काय केले, ते क्रमाने पाहिले तर नोबेलच्या वादाचा गुंता बराच सुटतो. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

आधी विज्ञान, थोडक्यात. प्रकाश सरळ रेषेत जातो हे आपण शाळेत शिकतो आणि ते फायबरमध्येही खरेच असते. फायबरमध्ये प्रकाश ‘वाकतो’ असे जे सर्रास लिहिले जाते ते दिशाभूल करणारे आहे. विहिरीत किंवा तलावात बुडी मारून ज्यांनी वर पाहिले असेल त्यांना एक गोष्ट आठवेल : डोक्यावर आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो आणि त्याच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग चक्क आरशासारखा चकाकतो. पाण्यातून वर निघालेला प्रकाश लंबाशी सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल, तर तो हवेत जाऊच शकत नाही. पूर्णपणे पाण्यात परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. साधा आरसा प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश गिळतो. हा ‘आरसा’ तत्त्वतः काहीच गिळत नाही. काचेच्या बारीक तंतूत एका टोकाने प्रकाश शिरला, की तो भिंतींवर तिरपा आपटत, परतत, पुन्हा आपटत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. तंतू वळला तरी प्रकाशाचा प्रत्येक टप्पा सरळच असतो.

हे प्रथम लोकांसमोर दाखवले ते जिनिव्हाच्या ज्याँ-दानिएल कोलादों यांनी, १८४१ मध्ये. (१८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात घंटा बुडवून पाण्यातील ध्वनीचा वेग मोजणारे ते हेच.) व्याख्यानाच्या वेळी त्यांना दाखवायची होती पाण्याची धार. ती हवेत कशी फुटते हे मागच्या बाकांवरच्यांना दिसेना, म्हणून त्यांनी टाकीच्या एका बाजूने भिंगातून प्रकाश धारेत सोडला. प्रकाश धारेतच अडकला आणि धारेबरोबर वळून खाली, जिथे पाणी पडते तिथे, उजळून उठला. कोलादोंनी १८४२ मध्ये हे प्रसिद्ध केले. लवकरच पॅरिसच्या ऑपेराने ही युक्ती रंगमंचावर आणली आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगीत प्रकाशाच्या कारंज्यांनी गर्दी खेचली.

तरीही अनेक पुस्तकांत श्रेय जॉन टिंडल यांना दिलेले आढळते. टिंडल यांनी १८५४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, मायकेल फॅरेडे यांच्या सूचनेवरून, हाच प्रयोग करून दाखवला. त्यांनी कोलादोंचे नाव घेतले नाही. टिंडल लोकप्रिय वक्ते होते आणि इंग्रजीत लिहीत होते, कोलादों फ्रेंचमध्ये. पुढच्या इंग्रजी पुस्तकांनी एकमेकांतून उतरवून घेतले आणि टिंडल ‘पहिले’ झाले. ‘पहिला कोण’ याचे उत्तर पुष्कळदा ‘तुम्ही कोणत्या भाषेत वाचता’ यावर ठरते, याचे हे नमुनेदार उदाहरण.

पाण्याच्या धारेऐवजी काचेचे तंतू आणि नुसत्या उजेडाऐवजी चित्र, ही पुढची पायरी. तंतूंचा जुडगा केला आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम सारखा ठेवला, तर प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेईल, ही कल्पना १९२० च्या दशकात दूरचित्रवाणीच्या धडपडीतून निघाली. जॉन लोगी बेअर्ड आणि अमेरिकेतील क्लॅरेन्स हॅन्सेल यांनी तिची पेटंटेही घेतली. प्रत्यक्ष चित्र नेऊन दाखवले मात्र एका विद्यार्थ्याने. १९३० साली म्युनिकमध्ये वैद्यक शिकणाऱ्या हाइन्रिख लाम याला पोटात वळणारी दुर्बीण हवी होती. त्या काळी पोटात घालायची दुर्बीण ताठ असे. रुग्णाला तलवार गिळणाऱ्यासारखी मान मागे टाकावी लागे. लामने तंतूंचा आखूड जुडगा जमवला आणि दिव्याच्या तारेचे चित्र त्यातून पलीकडे नेले. चित्र अंधूक होते. पेटंट मिळाले नाही, कारण हॅन्सेलचे आधीच होते. पुढे नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या लामला जर्मनी सोडून अमेरिकेत जावे लागले. हे काम तिथेच थांबले. वीस वर्षांनी डेन्मार्कच्या होल्गर म्योलर हान्सेन यांनी नव्याने तीच कल्पना मांडली, तेव्हा त्यांचाही अर्ज बेअर्ड यांच्या जुन्या पेटंटमुळे फेटाळला गेला. या विषयाच्या इतिहासात असे बंद दरवाजे बरेच आहेत.

आता कपानी. जन्म १९२६, पंजाबातील मोगा. शिक्षण आग्रा विद्यापीठात. काही काळ डेहराडूनच्या दारूगोळा कारखान्याच्या प्रकाशीय उपकरणांच्या विभागात काम. नंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन. हॉपकिन्स भिंगांच्या रचनेतले अव्वल दर्जाचे जाणकार होते. लवचीक दुर्बिणीची कल्पना त्यांच्या मनात होती, संशोधनासाठी अनुदानही त्यांनीच मिळवले. हजारो तंतू ओढून, गुंडाळून, क्रमाने बसवण्याचे चिवट प्रायोगिक काम कपानींनी केले. दोघांचा लेख ‘नेचर’च्या २ जानेवारी १९५४ च्या अंकात आला. मीटरभराहून कमी लांबीच्या जुडग्यातून त्यांनी लामच्या चित्रापेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र नेले होते.

त्याच अंकात आणखी एक छोटा लेख होता, हॉलंडमधील डेल्फ्टच्या आब्राहाम व्हॅन हील यांचा. माझ्या मते पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. उघडा तंतू फार नाजूक आरसा असतो. शेजारच्या तंतूला टेकला, बोटाचा तेलकट ठसा उमटला, धूळ बसली, की त्या जागी परावर्तन बिघडते आणि प्रकाश गळतो. व्हॅन हील यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाच्या पारदर्शक पदार्थाचा थर दिला. आता परावर्तन होणार ते गाभा आणि आवरण यांच्या सीमेवर, आत, सुरक्षित. ही सूचना त्यांना १९५१ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन ओब्रायन यांनी दिली होती. आज जगातला प्रत्येक ऑप्टिकल फायबर गाभा आणि आवरण असाच असतो. हॉपकिन्स-कपानींचे १९५४ चे तंतू उघडे होते.

व्हॅन हील यांचा थर प्लास्टिकचा आणि मेणाचा होता. काचेवर काचेचेच आवरण चढवले १९५६ च्या अखेरीस लॅरी कर्टिस याने. मिशिगन विद्यापीठात तो तेव्हा पदवीचाच विद्यार्थी होता. एका काचेच्या नळीत दुसऱ्या काचेची कांडी घालायची, दोन्ही तापवून एकत्र ओढायच्या. कांडीचा गाभा होतो, नळीचे आवरण. युक्ती इतकी साधी की वरिष्ठांना ती चालेल असे वाटले नव्हते. तिच्या जोरावर डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ च्या फेब्रुवारीत पहिली लवचीक जठरदुर्बीण वापरली. आधी त्यांनी ती स्वतः गिळून पाहिली, मग रुग्णावर वापरली. आज एंडोस्कोपी करून घेणाऱ्यांनी लाम, हॉपकिन्स, कपानी, व्हॅन हील आणि कर्टिस या सगळ्यांची आठवण काढायला हरकत नाही.

कपानी तोवर अमेरिकेत गेले होते. हॉपकिन्सांशी त्यांचे संबंध दुरावले होते. १९६० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लेखातून त्यांनी या क्षेत्राला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करून दिले. पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, पेटंटे घेतली, कंपन्या काढल्या. नवे शास्त्र उभे राहते तेव्हा त्याला नाव देणारा, त्याची भाषा घडवणारा माणूस लागतोच, आणि हे काम कपानींइतके कोणी केले नाही. त्यांचा गौरव करायचा तर तो इथे करावा.

इथवर पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्याला अजून कोणी हात लावला नव्हता, आणि त्याचे कारण एका आकड्यात आहे.

दूरसंचाराचे अभियंते प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा उरला. २० डेसिबल म्हणजे शंभरावा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तम तंतूंची घट किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल होती. म्हणजे केवळ २० मीटरांवर शंभरावा हिस्सा उरे. पोटात डोकावायला हे पुरेसे होते. किलोमीटरभर गेल्यावर किती उरेल? एकावर शंभर शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येतला एक भाग. दृश्य विश्वात तेवढे अणूही नाहीत. मुंबईहून ठाण्याला फोन लावणे दूरच, गिरगावातून दादरलाही काही पोहोचले नसते.

म्हणून १९६० मध्ये लेसर आला, प्रकाशावर स्वार करून अफाट माहिती पाठवता येईल हे सर्वांना कळले, तरी जाणत्यांनी काचेकडे पाठ फिरवली. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेचा भर सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाच्या पोकळ धातूच्या नळ्यांतून सूक्ष्मलहरी नेण्यावर होता. प्रकाशासाठीही त्यांनी पोकळ नळ्या आणि त्यांत जागोजागी वायूची भिंगे असा थाट मांडला होता. या नळ्या जवळजवळ सरळ टाकाव्या लागत. शहराखालून, डोंगरातून, नदीच्या तळाशी नळी सरळ ठेवायची म्हणजे काय खर्च येईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

इंग्लंडमध्ये हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजपाशी तेवढा पैसा नव्हता. कदाचित त्यामुळेच तिथे वेगळा विचार झाला. शांघायमध्ये १९३३ साली जन्मलेले, हाँगकाँगमार्गे लंडनला शिकायला आलेले चार्ल्स काओ तिथे काम करीत होते. त्यांनी विचारलेला प्रश्न वरकरणी बाळबोध होता : काचेत प्रकाश नेमका जातो कुठे? घट हा काचेचा स्वभाव आहे, की काचेत मिसळलेल्या कशाचा तरी दोष? काओ आणि त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी एकेक कारण वेगळे काढले. विखुरण्याने होणारी घट काचेच्या स्वभावातलीच होती, पण ती थोडी होती. खरा चोर होता लोह आणि तत्सम धातूंचा अंश, म्हणजेच काचेला हिरवट छटा देणारी अशुद्धी. ती दशलक्षांशाच्या घरात आणली तर घट किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली येईल, असे त्यांनी १९६६ च्या लेखात मांडले. २० डेसिबल, म्हणजे किलोमीटरभरानंतर शंभरावा हिस्सा. तेवढा उरला तर टेलिफोनच्या जाळ्यात तो वापरता येतो.

हा लेख म्हणजे एका अर्थाने भाकीत होते. अशी काच कोणी बनवलेली नव्हती. काओंनी पुढची दोन-तीन वर्षे काचनिर्मात्यांकडे आणि प्रयोगशाळांकडे खेटे घातले. बहुतेकांनी मान हलवली आणि आपापल्या कामाला लागले. काओंनी मग मोजमापाचा मार्ग धरला. १९६९ पर्यंत त्यांनी शुद्ध सिलिका काचेच्या तुकड्यांत घट किलोमीटरला सुमारे ५ डेसिबल इतकी कमी असू शकते हे दाखवून दिले. तंतू नाही, नुसता तुकडा. पण आता ‘अशक्य’ म्हणण्याची सोय उरली नाही.

ब्रिटिश पोस्ट ऑफिसची या विषयातली उत्सुकता न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या काच कंपनीपर्यंत पोहोचली होती. तिथे रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी इतरांच्या उलट वाट धरली. बाकीचे जण नेहमीची काच धुऊन-पुसून शुद्ध करू पाहत होते. काचेत सोडा, चुना असे पाच-सहा पदार्थ; प्रत्येकाबरोबर त्याची अशुद्धी येणार. कॉर्निंगच्या तिघांनी मुळात सर्वांत शुद्ध असलेली सिलिकाच घेतली. तिच्या दोन खोडी होत्या. एक, ती प्रचंड तापमानाला मऊ होते, त्यामुळे नेहमीच्या भट्ट्या निकामी. दुसरी अधिक अडचणीची : सिलिकाचा अपवर्तनांक इतर काचांपेक्षा कमी. ती आवरणाला ठीक, पण गाभ्याला तर जास्त अपवर्तनांक हवा. मग गाभ्यासाठी त्यांनी सिलिकातच थोडे टायटॅनियम मिसळले. म्हणजे शुद्ध काच मिळवायची आणि मग तिच्यात मोजून-मापून अशुद्धी घालायची. हा विरोधाभास मला या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

कृती अशी. सिलिकॉनच्या संयुगाची वाफ ज्योतीत सोडायची. वाफ करताना धातूंची अशुद्धी मागेच राहते, कारण ती त्या तापमानाला उडत नाही. ज्योतीत सिलिकाची काजळी तयार होते. ती थरावर थर बसवायची, तापवून पारदर्शक कांडी करायची आणि उंच मनोऱ्यावर टांगून तिचे टोक तापवत खाली केसासारखा तंतू ओढायचा. १९७० च्या उन्हाळ्यात असाच ओढलेला तंतू केक यांनी मोजला आणि प्रयोगवहीत आकड्याखाली आनंदाची एक आरोळी लिहून ठेवली. जाहीर झालेला आकडा होता किलोमीटरला १७ डेसिबल. काओंची रेषा ओलांडली गेली होती. तो तंतू ठिसूळ होता. दोन वर्षांत टायटॅनियमऐवजी जर्मेनियम घालून त्यांनी घट ४ डेसिबलवर आणली आणि ठिसूळपणाही घालवला.

योगायोग असा की त्याच १९७० साली सामान्य तापमानाला सतत चालणारा, वाळूच्या कणाएवढा अर्धवाहक लेसर आधी लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव यांच्या गटाने आणि पाठोपाठ बेल प्रयोगशाळेने बनवला. तंतू मिळाला, दिवा मिळाला. पोकळ नळ्यांचा थाट काही वर्षांत गुंडाळला गेला.

पुढचा प्रवास वेगाने झाला, म्हणून आपणही वेगाने जाऊ. १९७७ मध्ये अमेरिकेत लाँग बीच आणि शिकागो येथे खऱ्या ग्राहकांचे फोन काचेतून गेले. आपल्याकडे पहिली ओळ दिल्ली-मुंबईत आली असावी असे कोणालाही वाटेल. ती आली पुण्यात. १९७९ साली स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा पुण्यात सुरू झाली. एका फोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवण्याच्या काळात हे घडले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची गंमत कळते.

१९८८ च्या डिसेंबरात टॅट-८ ही अटलांटिकखालची पहिली ऑप्टिकल केबल सुरू झाली. १९५६ च्या पहिल्या अटलांटिक टेलिफोन केबलमधून एका वेळी ३६ संभाषणे जात. टॅट-८ मधून ४०,०००. मात्र टॅट-८ मध्ये ठरावीक अंतरावर प्रकाशाचे विजेत रूपांतर करून, संदेश ताजा करून, पुन्हा प्रकाश करावा लागे. ही धर्मशाळा मोडीत काढली ती एर्बियम या धातूने. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टनमध्ये डेव्हिड पेन यांच्या गटाने दाखवले की तंतूत किंचित एर्बियम मिसळले आणि त्याला दुसऱ्या लेसरने चेतवले, तर जाता जाता प्रकाशच प्रकाशाला बळ देतो. इथेही पुन्हा मोजून घातलेली अशुद्धीच कामी आली. वर्धक सर्व रंगांना एकदम बळ देत असल्याने एकाच तंतूत अनेक तरंगलांबींचे लेसर एकत्र सोडता येऊ लागले. आज जे इंटरनेट आहे ते या जोडीवर उभे आहे.

आजच्या तंतूचा गाभा साधारण ९ मायक्रॉन, आवरणासह जाडी १२५ मायक्रॉन. वापरतात तो प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. लेसर सेकंदाला अब्जावधी वेळा बदलून माहिती लिहिली जाते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. घट किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल. तीच जुनी मोजपट्टी लावून पाहा : प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरण्यासाठी १९६० च्या आरंभी २० मीटर पुरत, काओंनी आखलेल्या मर्यादेत १ किलोमीटर, आज १०० किलोमीटर. देशादेशांमधली जवळजवळ सगळी माहिती याच मार्गाने जाते; उपग्रहांचा वाटा अगदी थोडा. शिवाय पुलांचा ताण, तेलनळ्यांचे तापमान, विमानाचे वळण मोजायलाही तंतूच वापरले जातात.

मुंबईचा संबंध इथे जुना आहे. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारेची केबल टाकली आणि जूनमध्ये लंडन-मुंबई समुद्री तारमार्ग पूर्ण झाला. त्याचे इंग्लंडमधील टोक कॉर्नवॉलच्या पोर्थकर्नो या खेड्यात होते. १९९७ साली ‘फ्लॅग’ ही सुमारे २८,००० किलोमीटरची ऑप्टिकल केबल इंग्लंडपासून जपानपर्यंत टाकली गेली. तिचे इंग्लंडमधील टोक पोर्थकर्नोलाच, वाटेत इजिप्तचा जमिनीचा तुकडा तसाच, तांबडा समुद्र तोच, आणि मुंबई तीच. तंत्र मुळापासून बदलले, वाट साम्राज्याने आखलेलीच राहिली. सोयीचे किनारे आणि सरकारांशी झालेले करार बदलायला काच शुद्ध करण्याहूनही जास्त वेळ लागतो, असे दिसते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आज अनेक आंतरराष्ट्रीय केबल वाळूखालून वर येतात. तिथे फिरायला येणाऱ्यांना त्याचा मागमूस नसतो. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी-४ या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट लंगडले. वाट अरुंद असली की असे होते.

आता पुन्हा त्या पोस्टकडे. २००९ चे निम्मे नोबेल काओंना मिळाले. उरलेले निम्मे विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना, कॅमेऱ्यातील सीसीडीसाठी. काओंना ते दिले गेले दूरसंचारासाठी तंतूतून प्रकाश वाहून नेण्याच्या कामाबद्दल. म्हणजे आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी. कपानींचे १९५४ चे काम पहिल्या प्रश्नाचे होते, आणि त्यातही त्यांच्या शेजारी हॉपकिन्स आणि व्हॅन हील उभे होते. त्यामुळे ‘नोबेल हिरावले’ हे म्हणणे टिकत नाही. पहिल्या प्रश्नासाठी कोणाला गौरवायचे असते, तर कपानींबरोबर इतरांचीही नावे घ्यावी लागली असती. आणि डावलल्याचीच यादी करायची, तर कॉर्निंगचे तिघे तिच्यात कपानींच्या आधी येतील. काओंचे भाकीत खरे करून दाखवले ते त्यांनी.

एक गोष्ट मात्र पोस्टच्या बाजूने मांडायला हवी. १९९९ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकाने कपानींना शतकातील सात अप्रसिद्ध वीरांत गणले, तेव्हा आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव सहसा आढळत नव्हते. ते डिसेंबर २०२० मध्ये वारले आणि पद्मविभूषण २०२१ मध्ये, मरणोत्तर, जाहीर झाले. त्यांच्याकडे उशिरा लक्ष दिले ते स्टॉकहोमने की आपण, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

काओंच्या वाट्याला पारितोषिक आले तेव्हा त्यांना अल्झायमर्सने ग्रासले होते. ८ डिसेंबर २००९ रोजी स्टॉकहोममध्ये ते श्रोत्यांत बसले होते आणि त्यांचे नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी वाचून दाखवले.